जुलैची तक्रार

"हॅलो?… हो, बोल. मीच लावले होते… हो गं, तिन्ही मीच… नाही, नाही, मला काही झालं नाही. धडधाकट आहे. गुडघे सोडून."

अल्टरवाल्या बाईंनी शिलाई मशीनवरचा पाय काढला आणि मोबाइल मानेत धरला. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली बोळ, तिला पुढे दार लावलेलं. सकाळपासून त्यांनी या पोरीला तीनदा फोन केला होता आणि तिन्ही वेळा तो उचलला गेला नाही, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.

"जेवलीस?… आत्ता? साडेतीन वाजले… बरं, खा, खा. थांबते मी… अगं, थांबते ना, मला कुठे गाडी पकडायचीय? आणि बदलीचं काय केलंस?… परत नको म्हणालीस? नवरा काय म्हणतो?… हं… हो, माहीत आहे. ताई आली तर दार कोण उघडणार. माहीत आहे गं मला."

बाईंनी डोळे मिटले. पोरगी सहा वर्षं हे एकच पालुपद लावून बसली होती, आणि तिला ते लावून दिलं होतं बाईंनीच.

"नाही, ऐकतेय… अगं, तूच ऐक ना. सहा वर्षांपूर्वी तू पहिल्यांदा दुकानात आलीस, आठवतं?… हो, तेच. कालवा दुरुस्तीला कोरडा केला तेव्हा सापडलेली बाई. आमची पाहुणी… काय करणार, बेवारस प्रेत म्हणायला जीभ रेटत नाही."

एकवीस वर्षांपूर्वी सापडलेल्या त्या बाईला पोलिसांनी एक नंबर दिला आणि फाइल बांधून ठेवली. अल्टरवाल्या बाई आणि वर्तमानपत्रातून निवृत्त झालेले प्रूफवाले काका, ही दोघं गेली आठ वर्षं तिचं नाव शोधत होती. कापड बेतायच्या टेबलावर हरवलेल्या बायकांच्या याद्या पसरून बसायचं. बाईंच्या सुनेच्या भाषेत, नसती उठाठेव.

"तेव्हा मी तुला काय सांगितलं होतं?… बरोबर. 'ती तुझी ताई नव्हे.' कशावरून?… हो. पाहुणी सापडली मार्चमध्ये, आणि तुझ्या ताईची नोंद त्याच वर्षीच्या जुलैची. जुलैत हरवलेलं माणूस मार्चमध्ये सापडेल कसं, म्हणाले मी. वर हसलेसुद्धा. तू गळ्यात पडलीस माझ्या… नाही, थांब. मला बोलू दे, नाहीतर परत धीर व्हायचा नाही. परवा काकांनी यादी पुन्हा वाचायला घेतली… हो, चौथ्यांदा. जन्म गेला त्यांचा दुसऱ्यांच्या चुका काढण्यात. ते म्हणाले, बाई, ही तारीख हरवल्याची की तक्रार दिल्याची?… नाही, तू सांग. मी तेव्हा विचारलंच नाही गं. तारीख दिसली, रेघ मारली, मोकळी झाले. ताई घरातून नेमकी कधी गेली?"

बाईंनी टेबलावरचा खडू उचलला.

"जानेवारी… हं… हं… भांडून? मग बाबा काय म्हणाले?… 'भूक लागली की येईल परत.' आणि सहा महिने कुणी काही… नाही गं, बोल नाही लावत मी. घरोघरी मातीच्या चुली. चार लोकांत शोभा नको म्हणून माणसं काय काय गिळतात… तू तेरा वर्षांची होतीस. तू काय करणार होतीस?"

हातातल्या खडूने बाईंनी गिऱ्हाइकाच्या पँटवर 'जानेवारी' असं लिहिलं. लिहिल्यावर कळलं, मग हाताने पुसलं.

"नाही, अजून काहीच ठरलेलं नाही. घाई नको. अकरा वेळा आम्ही 'सापडली' म्हणालो, अकरा वेळा तोंडावर आपटलो. थकले गं मी, खरंच थकले. पण विचारायला तर हवं. जाताना तिच्या अंगात काय होतं?… कोट. कसला?… तपकिरी. तपकिरी कोट पैशाला पासरी मिळतात… बाबांचा जुना? मग ढगळ होत असेल तिला… हो? हात कशाने मोडला होता?… आणि नीट बसलाच नाही. आखूड राहिला. कुठला?… नीट आठव… डावा."

बाई उठल्या. कशाला उठलो ते आठवेना, म्हणून परत बसल्या.

"हे बघ, आता सावकाश उत्तर दे. तो कोट मी पोलीस चौकीत बघितलाय. डावी बाही आत दुमडून हाताने शिवलेली आहे. ही गोष्ट पोलिसांनी कुठे छापली नाही, मीही काकांशिवाय कुणाला बोलले नाही. ताईची बाही कुणी आखूड केली होती का?… हॅलो? आहेस ना?… कोणी?… तू?"

पुढचा प्रश्न विचारायला बाईंना पाणी प्यावं लागलं.

"कुठल्या दोऱ्याने?… मी नाही सांगणार, तू सांग… हिरव्या. तपकिरी कोटाला हिरवा का गं?… घरात तेवढाच होता… हो. हो गं बाई. हिरवाच आहे."

आठ वर्षं बाई त्या बाहीला नावं ठेवत आल्या होत्या. आंधळ्यानं शिवलीय, असं काकांना म्हणाल्याही होत्या. आता त्यांना स्वतःच्या जिभेची लाज वाटली.

"नाही, तुझ्यामुळे नाही… अजिबात नाही. भांडण तुझं नव्हतं, तक्रारीला उशीर तू केला नाहीस. रेघ मी मारली. सहा वर्षं तुला दाराशी बसवून ठेवलं मी. शिव्या द्यायच्या तर मला दे… दे ना… उद्या चौकीत मी येते बरोबर. तुझी लाळ घेतील तपासायला, ती जुळली की पक्कं… हो, मग ताब्यात देतील तुझ्या. नावानिशी."

पोरगी काहीतरी विचारत होती. बाईंना कळेपर्यंत तिला ते दोनदा विचारावं लागलं.

"टाके? वाकडे होते गं. फार वाकडे. पस्तीस वर्षं शिवतेय, खोटं कशाला बोलू?… पण ऐक. अगं, ऐक ना. कोट पाण्यात होता, कित्येक आठवडे. अस्तर गेलं, खिसे गेले, कॉलर उसवली, मशीनच्या शिवणी उसवल्या. तुझी बाही उसवली नाही… एक टाका नाही. शेवटपर्यंत तिच्या हाताला बरोबर बसत होती ती… रड. रड तू. मी फोन ठेवत नाही."

पलीकडून जे आलं ते शब्द नव्हते. बाईंनी मशीनवर कपाळ टेकलं आणि त्याही रडल्या. दारात गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, ताटकळलं, निघून गेलं. बऱ्याच वेळाने लाइन कट झाली.