जोडलेली पानं

हसू नका, पण तवापासून मी भाजी दुसरीकडून आणून राहिलो.

अकोल्याच्या बाजारात बार्शीटाकळीचे सुधाकरभाऊ भाजी विकतात. गिऱ्हाईक नसलं की मेथीच्या जुड्यांमागं बसून खुनाच्या कादंबऱ्या वाचतात. एकदा माझ्या पिशवीत सहाशे पानांची जाडजूड कादंबरी दिसली तर म्हणाले, "सर, मले द्या ना वाचाले."

मी चार लोकांदेखत म्हणालो, "भाऊ, याच्यात खून नाही. एक बाई हळूहळू म्हातारी होते, बस्स. तुमच्यानं नाही होणार हे. मी तर शेवट वाचून रडलो होतो."

तरी दिली. महिन्याभरानं पेपरात नीट गुंडाळून त्यांनी ती परत केली.

"बाई गेली तवा दोन दिवस दुकानात मन नाही लागलं, सर."

मग जवळ वाकले अन् हळूच म्हणाले, "दोनशेच्या पुढची पानं एकमेकाले जोडलेलीच होती. छापखान्यात कापाची राहिली असतीन. मी चाकूनं मोकळी केली."

मी घाईनं पुस्तक पिशवीत कोंबलं.

"मी कोणाले सांगत नाही, सर," म्हणाले, अन् पिशवीत सांभार-कोथिंबिरीची जुडी फुकट टाकली.