मॅक्सीनचं सँडविच

हॅलो? … आर्लिस, ऐक. निवृत्त झाल्यावर माणसाने दुसऱ्यांच्या लेकरांसाठी झिजावं, तेच खरं जगणं! … छे, मी नाही झिजत. मी कोर्टाबाहेर बाकावर बसलोय. झिजतेय तुझी बहीण.

… तोंडात? काही नाही माझ्या तोंडात. तू बोल.

… मेहुणीबाई, मॅक्सीन वकील नव्हे गं! वकील असती तर मधेच बदलली असती. आईबापांपासून काढून परक्या घरी ठेवलेली पोरं असतात ना, त्यांच्या बाजूने बोलायला कोर्ट साध्या माणसाला नेमतं. फुकट. आजच्या या दोन पोरींची घरं बदलली, बालकल्याणचे अधिकारी बदलले, न्यायाधीशसुद्धा बदलले. मॅक्सीन तेवढी तीच.

… नावं? मला काय माहीत! गुपित असतं ते. सख्ख्या नवऱ्यालाही सांगत नाही. … मग कळतं कसं? अगं, भाषणाची तालीम न्हाणीघरात करते. दार बंद असतं, तोंड नसतं.

… दोघी बहिणी. एक इथे, दुसरी पार प्लॅट नदीपलीकडे. आत्या दोघींना न्यायला तयार आहे, पण अधिकारी म्हणतात घर लहान, पोरींना मिळून एकच पलंग. … हो, हो, तेच तर! हिने काय केलं, पोरींनाच विचारलं. तोवर कोणी विचारलंच नव्हतं. थोरली म्हणाली, "दोन दिलेत तरी आम्ही एकातच झोपणार."

… आत जाताना पाहिल्या मघाशी. म्हणजे पाहिल्या नाहीत, मला मनाई आहे. धाकटी थोरलीची बाही सोडत नव्हती.

… थांब, दाराच्या काचेतून दिसतेय. उभी राहिली. बोट वर केलं … तेच गं, मला कचरा बाहेर ठेवायला लावणारं! त्या बोटापुढे मी आजवर टिकलो नाही, न्यायाधीशबाई काय टिकणार?

… हसतेस काय! मागे एका पोराचं मनासारखं झालं नाही, तर घास उतरेना तिच्या घशाखाली. आजही उपाशीच आलीय. मी टर्कीचं सँडविच करून आणलं, तर माझ्याच मांडीवर ठेवून आत गेली.

… आली, आली! मॅक्सीन, काय झालं गं? … "गुपित आहे" म्हणते. … चेहऱ्यावरून कसं सांगू, चष्मा पुसतेय. … थांब, काहीतरी मागतेय.

… आर्लिस! सँडविच मागतेय! … अगं, जिंकली! भूक लागलीय तिला! … दोघी, हो, दोघी, एकाच पलंगावर! … रडू नकोस गं, मग मलाही …

… आर्लिस, एक कर. तिच्या हातात फोन देतो. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून येईपर्यंत तिला बोलण्यात गुंतवून ठेव.

… हो. मीच खाल्लं.