मॉक ड्रिलची पेशंट

(खडवलीपलीकडच्या एका गावातलं आरोग्य केंद्र, भर दुपार. दाराशी रिक्षात पंढरी धापा टाकत बसलाय. त्याची बायको सगुणा आणि मुलगा धनेश आत, नर्स कल्पिताच्या टेबलासमोर.)

सगुणा : अशी काय बगतेस, सिस्टर? खाट ती काय समोर हाय. मशीन काढ नि लाव त्याला.

कल्पिता : काकू, ऑक्सिजनचं मशीन नाहीये.

सगुणा : नाय कसा? याच खाटंवर मी निजलेली ना, तुमच्या त्या मॉक ड्रिलला! फ्लूची पेशंट म्हनून तूच मना घरनं आनलंस. नाकावर मास्क लावलास. मशीन घुरघुरत व्हता, साहेब टाल्या वाजवत व्हते.

कल्पिता : ते भाड्याचं होतं. दुपारी फोटो झाले, संध्याकाळी टेम्पो येऊन घेऊन गेला. सिलिंडरसुद्धा.

धनेश : भाड्याचं? हळदीला डीजे आणतात तसं?

कल्पिता : धनेश, ओरडू नकोस. कल्याणला फोन लावलाय, बेड विचारतेय. बाबांचा ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तर आहे, अँब्युलन्स बाळंतिणीला घेऊन गेलीय. तुझ्या रिक्षातूनच न्यावं लागेल.

धनेश : आधी सांगा, साथीच्या तयारीला सरकारचा निधी आलेला ना? बाहेर एवढा मोठा बॅनर होता.

कल्पिता : आलेला. त्या एका दिवसापुरता. पुढे मशीन विकत घेऊन द्या म्हणून तीनदा प्रस्ताव पाठवला मी. उत्तर एकच, सध्या साथ नाही, तरतूद करता येत नाही.

धनेश : साथ नाही? आमच्या आळीत घरटी दोन माणसं खोकतायत, मॅडम!

कल्पिता : तेही रोज कळवतेय. म्हणाले, नमुने पाठवा. न्यायला गाडी मागितली, तर गाडीची मंजुरी वेगळी. नमुने फ्रिजमध्ये पडलेत... हॅलो? हो हो, धरते.

धनेश : आई, काल सकाळीच बोललेलो मी! कल्याणला नेऊया, तेव्हा चालत रिक्षात बसला असता तो. तू काय बोललीस? एवढ्या लांब कशाला, मशीन आपल्या गावात हाय, जास्त वाटलं तर पाच मिनिटांत नेऊ.

सगुणा : मी माझ्या डोल्यांनी बगितलेला ना रे. त्याचा गार वारा नाकाला लागत व्हता. खोटा कसा समजू? रातभर त्याला तेच सांगत व्हती, घाबरू नको, मी निजून आलेय तिथं, लई बरा वाटतो.

धनेश : वाट लागली ना आता.

सगुणा : सिस्टर, तुना ठावं व्हता ना तवा? मशीन जानार म्हनून?

कल्पिता : होतं.

सगुणा : मंग एका शब्दानं बोलली नाईस? मी गावभर सांगत फिरली. लोकं माझ्या भरवशावर घरात बसलीत.

कल्पिता : चुकले, काकू. मला वाटलं, फोटो वर गेले की खरं मशीन येईल. दुसऱ्या आठवड्यात येईल, मार्चपर्यंत येईल... हॅलो? हो, पंढरी नाव. वय अठ्ठावन्न. हो, निघालेच. — बेड आहे, पण लगेच पोचायला सांगितलंय. धनेश, रिक्षाचे पडदे वर कर, वारा लागू दे त्यांना. मी येते बरोबर.

सगुणा : तू येऊन काय करशील? तुझ्याकडं काय हाय?

कल्पिता : काहीच नाही.

सगुणा : मंग इथंच रहा. मागून आनखी येतील, त्यांना तरी खरा सांग. मीच घालवला गं माझा मानूस. माझ्या हातानं.

धनेश : (रिक्षापाशी जाऊन, दारातून) आई, रडू नको आता, चल. बाबा विचारतोय, मशीन लावायला आत कधी घेतात?

सगुणा : सांग त्याला, लावतात. तू गाडी चालू कर.