शिगवणांच्या बॅगेतली बाटली

नमस्कार. मागे दारात जे उभे आहेत त्यांनी पुढे या. खुर्च्या रिकाम्या आहेत. शोकसभेत पुढे बसायला कुणाला नको असतं, मला ठाऊक आहे. तरी या.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मला जास्त लागतील. सावंतसाहेब, तुम्ही मंडळाचे अध्यक्ष आहात, पण आज मला घड्याळ दाखवू नका. मी तीस वर्षं इथे शारजात पोरांना गणित शिकवलं, मला कधी बोलायला अवघड गेलं नाही. आज जातंय. लिहून आणलेला कागद पर्समध्येच राहू दे.

टेबलावर हा फोन ठेवला आहे. तो चालू आहे. तिकडे गुहागरजवळच्या वाडीत सुलभावहिनी ऐकताहेत, चंद्रकांत शिगवणांच्या पत्नी. तेव्हा जे बोलायचं ते त्यांच्यासमोर बोलायचं आहे, हे लक्षात असू द्या.

शिगवण आठ दिवसांपूर्वी गेले. इथल्याच रोल्ला भागातल्या खोलीत, भर दुपारी, ताटावर बसलेले असताना. बावन्न वर्षांचे होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. हमरिया बंदरातल्या एका यार्डात एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस. परवा ते पेटीतून घरी पोचले. खांदा द्यायला चार जण आले. पाचवा आला नाही. खांदा बदलायलाही कुणी नव्हतं.

का नव्हतं? कारण वाडीत असं पसरलंय की शिगवण दुबईत गांजा नेताना धरले गेले.

काल वहिनींचा मला फोन आला. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. ती वस्तू कुणाची होती एवढंच मला सांगा. बाकी मी बघते." मी म्हणाले, उद्या सांगते, सगळ्यांसमोर सांगते.

वहिनी, ती बाटली माझी होती. ऐकू आलं का? माझी होती. तुमच्या नवऱ्याची नव्हती.

बसा. कुणी उठू नका. कदम, तुम्हीही बसा. मला पुरतं सांगू द्या.

या खोलीत असा कुणी आहे का, ज्याचं पार्सल शिगवणांनी आणलं नाही? सुट्टीवर जाणाऱ्या माणसाच्या बॅगेत आपण आपलं सामान कोंबतो, हा आपला रिवाज. जाणाऱ्यानं नाही म्हणायचं नाही, आणि आत काय आहे हे विचारायचं नाही. उघडून पाहिलं तर तो अपमान. शिगवण फक्त दोन प्रश्न विचारायचे. पातळ आहे का? फुटेल का? मग पांढरी चिकटपट्टी फाडायची, निळ्या पेनाने नाव लिहायचं आणि वस्तूवर लावायची. स्टोअरची सवय. आपल्यापैकी प्रत्येकाचं नाव त्या माणसाच्या बॅगेत कधी ना कधी चिकटलेलं आहे.

आता या वर्षाच्या सुरुवातीची आठवण करून देते. याच हॉलमध्ये आपला वाचन गट बसला होता. सावंतसाहेबांचा ओंकार कॅनडातून आला होता आणि वाद निघाला, गांजा कायद्याने दुकानात विकू द्यावा का. ओंकार म्हणाला, "आंटी, इट्स लाइक एनी शॉप. दे चेक युअर आयडी." कदम म्हणाले, सरकारने विकला तर निदान भेसळ तरी होणार नाही, पोरं चोरून कुठे जाणार नाहीत. पाटीलबाई नर्स आहेत, त्या म्हणाल्या, दुखण्याने तळमळणाऱ्याला डॉक्टरच्या हातून द्या, दुकानात कशाला मांडता? आणि मी? मी टेबलावर हात आपटून म्हणाले होते की परवाना टांगला म्हणून वस्तू बदलत नाही. ज्या जमिनीवर उभे आहात तिथला कायदा पाळा, खलास. टाळ्या वाजल्या होत्या. मला आवडल्या होत्या.

शिगवण चहाचे कप गोळा करत होते. ते मध्येच म्हणाले, "बाई, तिकडे चालतं आणि इकडे गुन्हा. मग मधे विमानात काय असतं?"

किती हसलो आपण. कदम म्हणाले, "शिगवण, विमानात सीटबेल्ट लावायचा, बाकी विचार करायचा नाही." मी म्हणाले, विमानात आपण शहाणं असायचं.

एवढंच उत्तर दिलं मी त्यांना. तो वाद आपण तासभर घातला, त्यात कॅनडा होता, थायलंड होतं, पुणं होतं, शारजा होतं. मधल्या विमानात कोण बसतो, हे फक्त कप उचलणाऱ्या माणसाला सुचलं होतं.

पुढे माझ्या यजमानांचे पाय तुम्हाला माहीतच आहेत. नसांचं दुखणं. पावलाला चादर लागली तरी ओरडतात. पुण्याला माझ्या बहिणीने त्यांचे रिपोर्ट एका वैद्यांना दाखवले. त्यांनी चिठ्ठी दिली, दुकानातून बिलासकट थेंबांची बाटली मिळाली. तिकडे उघड विकतात. बहिणीने बाटलीचा फोटो पाठवला. मी तो मोठा करून वाचला. त्यात गांजाच्या झाडाचा अर्क होता. मी वाचलं होतं. मला कळत नव्हतं असं मी इथे म्हणणार नाही. मला कळत होतं.

पण मी त्याला गांजा म्हटलं नाही. मी त्याला यजमानांचं औषध म्हटलं. ज्या बाईने टेबल आपटलं तिनेच स्वतःपुरता परवाना काढला. शिगवणांनी गावाहून फोन केला, "बाई, तुमच्या बहिणीकडून बाटली आली. पातळ आहे, म्हणजे फुटणार. काय आहे?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिसरा प्रश्न विचारला. मी म्हणाले, दुखण्याचं तेल आहे, टॉवेलात गुंडाळा.

त्यांनी गुंडाळली. माझं नाव लावलं.

परत येताना इथल्या विमानतळावर बॅग उघडली गेली. तिथल्या माणसांनी त्यांचं काम केलं. इथला कायदा काय आहे हे भिंतीवर लिहिलेलं असतं, आपण सगळे वाचून आलेलो आहोत. मला कायद्याबद्दल तक्रार करायची नाही. कायद्याने शिगवणांना फसवलं नाही. मी फसवलं. त्यांना विचारलं, ही कुणाची? ते म्हणाले, माझी, गुडघा दुखतो.

तेवीस दिवस ते आत होते. आणि आपण काय केलं? सांगते काय केलं. सावंतसाहेबांनी ग्रुपवर लिहिलं की मंडळाच्या नावाला बट्टा नको म्हणून शिगवण यांना ग्रुपमधून काढत आहोत. त्यावर बाविसाव्या मिनिटाला एक अंगठा पडला. तो माझा होता. घरात बसून, यजमानांच्या गुडघ्यांना तेल चोळता चोळता, साधं खोबरेल तेल, मी तो अंगठा टाकला. बाटली माझी, नाव त्यांचं, आणि अंगठाही माझाच. त्या ग्रुपचा फोटो कुणीतरी वाडीत पाठवला. कुणी पाठवला हे मी विचारत नाही. मला विचारण्याचा हक्क नाही.

तपासणी झाली, कागद झाले, ते सुटले. तोवर नोकरी गेली होती. खोलीतल्या मंडळींनी त्यांची खाट दुसऱ्याला दिली होती, त्यांचं सामान दाराबाहेर, चपलांच्या वर ठेवलं होतं. त्यांनी दारालगतची खाट घेतली. तक्रार नाही.

एका शुक्रवारी, मशिदीतला नमाज सुटल्यावर, ते माझ्याकडे आले. आत आले नाहीत. दारातल्या स्टुलावर बसले. घड्याळाच्या पट्ट्याखालून त्यांनी काहीतरी सोलून काढलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, "बाई, हे तुमचं. बाटली राहिली तिकडे."

ही बघा. ही चिकटपट्टी. निळ्या पेनाने लिहिलंय, देसाई बाई. बॅगा बाजूला काढायला लागले तेव्हा त्यांनी रांगेतच ती बाटलीवरून सोलली आणि घड्याळाच्या पट्ट्याला आतून चिकटवली.

मी विचारलं, शिगवण, माझं नाव का नाही सांगितलंत?

म्हणाले, "साहेबांना उठता येत नाही. तुम्हाला आत घेतल्यावर त्यांना चहा कोण देणार होतं?"

मी म्हणाले, मी आत्ता जाऊन सांगते. म्हणाले, "आता कशाला बाई. माझं तिकीट होऊ दे. मी घरी पोचलो की सांगा. इन्शाल्ला महिन्याभरात." आणि मला काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. महिनाभर मोकळीक मिळाली म्हणून बरं वाटलं. मी त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले. उठताना हसून म्हणाले, "विमानात शहाणं राहायचं तर उघडून बघायला लागतं, बाई. आणि मी कुणाचं उघडत नाही."

मी रोज ठरवत होते. उद्या जाते. यजमानांचा दवाखाना झाला की जाते. रोल्ल्यात भाजी घ्यायला जायचे तेव्हा त्यांच्या इमारतीवरून न जाता मागच्या गल्लीतून जायचे. त्यांचं तिकीट झालं. निघायला दोन दिवस होते. मग दुपारी फोन आला.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी वकिलांना बरोबर घेऊन गेले आणि लेखी सांगून आले. माझा पासपोर्ट सध्या माझ्याकडे नाही. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. पाटीलबाईंना विनंती आहे, मी नसले तर यजमानांकडे एक फेरी मारा. एवढंच माझं काम आहे, ते झालं.

वहिनी, तुम्ही म्हणालात बाकी मी बघते. तुम्ही काय बघणार? वाडीत दारोदार जाऊन सांगणार का, की माझा नवरा निर्दोष होता म्हणून? कोण ऐकणार? इथून एक पत्र पाठवावं, मंडळाच्या शिक्क्याचं, असं सावंतसाहेब म्हणाले. पाठवा. पण पत्राने पाचवा खांदेकरी आता येणार आहे का? मला रात्रंदिवस तेच दिसतं. चार माणसं आणि बदलायला कुणी नाही. ते आता कुणालाच दुरुस्त करता येणार नाही. मलाही नाही. मी माफी मागत नाही, वहिनी. माफी मागितली की ती द्यायचं ओझं तुमच्यावर येतं. ते मी टाकणार नाही. मी आजवर पुष्कळ ओझी दुसऱ्याच्या बॅगेत टाकली आहेत.

पत्रिकेवर आता दोन मिनिटं शांतता लिहिली आहे. मी ती मागणार नाही. दोन महिने आपण शांतच होतो. शिगवण आत असताना शांत होतो, सुटून आले तेव्हा शांत होतो, दारालगतच्या खाटेवर पडले होते तेव्हाही शांत होतो.

त्याऐवजी एक करा. वाडीतली काही माणसंही वहिनींच्या ओटीवर बसून हा फोन ऐकताहेत, मी त्यांना मुद्दाम बोलावलं आहे. एकेकाने उठा, या टेबलापाशी या, आपलं नाव सांगा आणि शिगवणांनी बॅगेतून तुमच्यासाठी काय आणलं होतं ते सांगा. न विचारता, न उघडता काय आणलं ते. भाषण नको. नाव आणि वस्तू. त्यांच्या चिकटपट्टीवर मावेल एवढंच.

मी सुरुवात करते.

देसाई बाई. दर वर्षी आमसुलं. माझ्या चष्म्याची जुनी फ्रेम, दुरुस्त करून. यजमानांच्या आईचा फोटो, काचेसकट, न फुटता. आणि शेवटची ती बाटली.

शिगवण, नमस्कार करते. ही पट्टी मी फोनशेजारी लावून ठेवते आहे.

सावंतसाहेब, आता तुम्ही या.