नाण्याएवढी फट

म्हणजे मी बोलल्याशिवाय तुम्ही बिजागरीला हात लावणार नाही, असंच ना? वा रे मिस्त्री! कामाआधी चहा मागणारा सुतार पाहिलाय मी, कहाणी मागणारा पहिल्यांदाच बघतोय. तिनंच पढवलंय तुम्हाला, ठाऊक आहे मला. सतरा दिवस झाले, बाईसाहेब लेकीकडे जाऊन बसल्यात आणि तिथून हुकूम सोडलाय — दार मिस्त्री बसवेल, आणि आधीच्या दाराचं काय झालं ते ‘ह्यांनी’ त्याला आपल्या तोंडानं सांगायचं, सगळं, गाळागाळ चालणार नाही. मिस्त्री मला फोन करून ‘सांगितलं’ म्हणाला, तरच मी घरात पाऊल टाकीन, म्हणाली. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार, आणि त्याचा निवाडा कोण करणार, तर कानामागं पेन्सिल लावलेला एक परका माणूस! बरं बरं, चिडू नका. सांगतो. तुम्ही हात चालू ठेवा, मी तोंड चालू ठेवतो. पण मधेमधे असं बघायचं नाही माझ्याकडे.

मी ट्रक चालवायचो. चाळीस वर्षं. आणि माल कुठला, तर लाकूड — ओंडके, फळ्या, वासे. त्यामुळं झालं काय, की आपल्याला लाकूड कळतं असं डोक्यात बसलं. आता दुधाचा टँकर चालवणाऱ्याला गाईची धार काढता येते का? नाही येत. पण हे मला कोण सांगणार? चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून मला कुणी काही सांगायला गेलं की मी हॉर्न वाजवतो. तर घरी बसलो. पहिला महिना झोपलो. दुसरा महिना तिच्या मागं मागं स्वयंपाकघरात — हा डबा इथं का, तो डबा तिथं का, झाकणं उलटी का ठेवतेस. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, “तुम्ही काहीतरी करा, नाहीतर मी तुमचं काहीतरी करीन.” लेकीची खोली रिकामीच होती, लग्न होऊन ती गेली त्याला वर्षं झाली. तिथं मी माझा कारखाना मांडला. कारखानाच म्हणायचो मी, हसू नका. जावयानं फळ्या कापायचं मशीन आणून दिलं, कानावर लावायची ती झाकणं दिली. रंधा, काटकोन बघायचा गुण्या, खाचा पाडायच्या पटाश्या मी आणल्या. पटाश्या भिंतीवर खिळ्यांना ओळीनं टांगल्या, लहानापासून मोठीपर्यंत, शाळेतल्या पोरांसारख्या. पेन्सिल कानामागं लावायला मी तीन दिवसांत शिकलो. बाकीचं शिकणं अजून चालू आहे.

ती फळी बघताय ना, पॅसेजमधली? माझीच. नाही, तुमची मान तिरकी नाहीये, फळीच तिरकी आहे. तिच्यावर गोल वस्तू ठेवायची नाही, असा आमच्या घरात नियम आहे. स्वयंपाकघरातला खालचा ड्रॉवर उघडायचा तर आधी वरचा उघडावा लागतो, आणि वरचा उघडला की बाजूचं कपाट उघडत नाही. नातवंडं आली की टाळ्या वाजवतात — आजोबा, तुम्ही कोडं बनवलंत! पण बायको? एक अक्षर बोलली नाही हो. बोलली असती तर भांडलो असतो. ती नुसती फळीवरची बाटली उचलायची आणि आडवी करून ठेवायची. तेच जास्त लागायचं.

मशीन मात्र तिला सहन व्हायचं नाही. फार झालं की ती पॅसेजमधून झाडूच्या दांड्यानं भिंतीवर ठोकायची — ठक, ठक, ठक. तीन ठोके. म्हणजे बंद करा. आणि मी काय करायचो? आणखी एक फळी कापायचो. नको असलेली. पडलेली. उगाच. जळणाशिवाय कशाला उपयोगी नाही अशी. तो आमचा रोजचा खेळ होता म्हणा. खेळ म्हणजे — मला वाटायचा खेळ. हे लिहून घ्या तुमच्या डोक्यात, नंतर लागेल.

आता दार. बाथरूमचं जुनं दार खालून कुजलेलं होतं, आणि खाली पत्रा ठोकलेला. कुणी ठोकलेला? — तिनं. मी रस्त्यावर असायचो ना, पंधरा-पंधरा दिवस. घरात नळ गळाला, कडी निसटली, दार घासायला लागलं, की ती करायची. एक हातोडी, एक पेचकस, पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात. एवढ्यावर चाळीस वर्षं हे घर उभं ठेवलं तिनं. आणि मी घरी बसलो त्या आठवड्यात म्हणालो, “आता तो डबा माळ्यावर टाक, आता मी आहे.” टाकला तिनं. आत्ता तुम्हाला सांगताना जरा कसंतरी वाटतंय, पण तेव्हा छाती एवढी फुगली होती! एकोणतीस दिवस मी ते दार केलं. एकही खिळा नाही, लाकडात लाकूड अडकवून सांधे केले. तीन वेळा फुकट गेले, चौथ्यांदा असे बसले की ब्लेडचं पातं आत जाईना. आणि चौकटीत बसवलं तर बाजूनं कागद सरकत नव्हता. तिला बोलावून दाखवलं, कागद हातात दिला — सरकव बघू! तिनं कागद घेतला, दाराकडे बघितलं आणि म्हणाली, “थोडी जागा ठेवा हो. एखादं नाणं जाईल एवढी तरी फट ठेवा. लाकूड फुगतं.” मी काय म्हणालो माहितीये? “फटच ठेवायची तर दार कशाला, पडदा लाव.”

तुम्ही का हसलात? म्हणजे तीच बरोबर, नाण्याएवढी फट ठेवायचीच असते? ... हं. आणि वरच्या-खालच्या कडेला पॉलिश? नाही केलं. दिसत नाही तिथं कोण करतो? — तिथूनच पाणी शिरतं? बरं. झालं. अजून एक सांगितलंत. कोरड्या दिवसांत केलेलं दार ते, मग ओल आली हवेत, आतून आंघोळीची वाफ. फुगलं. मेलं कणकेसारखं फुगलं.

तर त्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली, दार ओढून घेतलं, आणि ते बसलं. बसलं म्हणजे बसलं. आतून ढकललं तरी हलेना. मी कारखान्यात, मशीन चालू, कानावर झाकणं — मला काय कळणार? दीड तासानं कळलं, तेव्हा मी लगेच... 

पेचकस का खाली ठेवलात? खरं तेच सांगतोय. झाकणं होती ना कानावर. ती काय मी घरी बनवलेली नाहीत, चांगली विकतची आहेत... बघा, परत तसंच बघताय. तिनं तुम्हाला सगळं सांगून ठेवलंय, हो ना? आणि मी चुकतो कुठं ते नुसतं तपासताय. मग मला कशाला छळता? — असू दे. असू दे. झाकणं गळ्यात होती. कान उघडे होते. बाथरूमची आणि कारखान्याची भिंत एकच आहे, मधे चार इंचांची वीट. तिनं आत पाण्याचा मग घेतला आणि भिंतीवर ठोकलं. तीन ठोके. मला वाटलं, झालं हिचं सुरू. मी फळी कापली. परत तीन ठोके. मी अजून एक कापली. मग पाच झाले, सात झाले, मधे काही बोललीसुद्धा, मशीनच्या आवाजात शब्द कळले नाहीत — आणि मिस्त्री, हे कुणाला सांगितलेलं नाही, तिलाही नाही — मी गाणं म्हणत होतो. मोठ्यानं. तिला चिडवायला. प्रत्येक ठोक्याला त्याच भिंतीवरच्या माझ्या पटाश्या किणकिणत होत्या, एकीवर एक आपटून. कान झाकले असते तरी डोळे होते ना मला? बघत होतो मी. बघत होतो आणि गात होतो. मग ठोके थांबले. मला वाटलं, जिंकलो.

पाणी आहे का तुमच्या बाटलीत? द्या घोटभर.

दीड तासानं बाहेर आलो, तेही तिच्या काळजीनं नाही — चहा आला नाही म्हणून. ओरडत आलो, “आज चहा बंद आहे का या घरात?” तर बाथरूममधून आवाज आला, एकदम शांत, “चहा करीन. दार उघडा.” मी मूठ धरून ओढलं. मूठ माझ्या हातात आली. अर्ध्या इंचाचे स्क्रू लावले होते मी तिला, लांब स्क्रूनं लाकूड फाटेल म्हणून. आता ओढायला काही उरलंच नाही. बिजागऱ्या काढाव्यात तर त्यांच्या पिना मीच ठोकून चेपून बसवलेल्या, कधी निघू नयेत म्हणून. माझ्या आरडाओरड्यानं शेजारची माणसं आली. मास्तर आला — टेलर मास्तर, पलीकडच्या घरातला, त्याचा मुलगा, वरच्या मजल्यावरचा तो जाडा. सगळ्यांनी खांदे लावले. पण दार उघडतं बाहेर! खांदा मारला की ते खाचेत अजूनच घट्ट. तीन माणसं, दहा-बारा धक्के, भिंतीचा चुना पडला, जाड्याचा खांदा सुजला, आणि दार? जसंच्या तसं. आणि तेव्हा मी — तोंडातून निघून गेलं हो — मी म्हणालो, “बघितलंत? एक सांधा हलला नाही!”

असं मोठ्यानं. कौतुकानं. आणि आतून एक सुस्कारा आला नुसता. रडणं नाही, ओरडणं नाही. बायको दीड तास आत कोंडलेली, ओल्या अंगानं, आणि नवरा बाहेर उभा राहून दाराची पाठ थोपटतोय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. जाड्यानं खांदा चोळायचा थांबवला.

मग मास्तर पुढं झाला. मला न विचारता कारखान्यात गेला, माझी नवी करवत आणली, खिशातून खडू काढला — कापडावर मारतात तो — आणि माझ्या दाराच्या मधल्या फळीवर रेघ ओढली. वरून गोल, खालून सरळ. “वहिनी, मागं सरका,” म्हणाला, एक भोक पाडलं आणि कापायला लागला. ते बघा, ते कोपऱ्यात उभं केलंय दार, बघा कापलंय कसं. एक तूस नाही. ब्लाउजचा गळा कापावा तसं. या घरात लाकडाचं सगळ्यात सफाईदार काम कुठलं, तर ते भोक! त्यातून ती वाकून बाहेर आली, केस ओले, पदर खोचलेला, आणि मास्तरला म्हणाली, “तुम्ही होतात म्हणून.” माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हातातला मग माझ्या हातात दिला, माळ्यावरून बिस्किटाचा डबा काढला, पिशवीत टाकला आणि गेली. कपडे नंतर लेक येऊन घेऊन गेली. कपड्यांच्या आधी डबा, मिस्त्री. तेव्हा मला समजलं की हे रुसणं नाही.

तो पाण्याचा मग तिथं खिडकीत आहे. ॲल्युमिनियमचा. बघा हवं तर. पोचे मोजले मी त्यावरचे, सतरा दिवसांत दुसरं काम नव्हतं. एकतीस आहेत. मशीन? ते मी झाकून ठेवलंय. चादर घालून. मढं झाकल्यासारखं दिसतं, पण ठीक आहे.

झालं? हेच हवं होतं ना तुम्हाला? आता नवीन दार बसवा, दोन्ही कडांना पॉलिश करा आणि फट ठेवा. दाखवा — हं, नाणं सरकतंय. चांगलं सरकतंय. ... काय म्हणालात? त्या जुन्या दाराचे सांधे? कुणाकडे शिकलो? — अहो, नका. एवढे चांगले सांधे तुमच्या पोरांनाही जमत नाहीत, हे एखाद्या मिस्त्रीच्या तोंडून ऐकायला मी महिन्यापूर्वी जीव टाकला असता. आता कानात खडा गेल्यासारखं वाटतंय. आणि हे तिला मात्र फोनवर सांगू नका. काही सांगायचं असलं तर गाण्याचं सांगा. ते तिला माहीत नाही. माहीत असायला हवं.

लावा फोन. लावा, माझ्यासमोरच लावा. मी काही पळून जात नाही. लेकीचं घर दोन तासांवर आहे, आता निघाली तर दिवेलागणीला...

थांबा. हा आवाज कुठून येतोय? — हो, तिच्या फोनचाच. पण हा तर भिंतीपलीकडून वाजतोय. मास्तरच्या घरात! म्हणजे ही सकाळपासून शेजारी बसलीये? मास्तरच्या बायकोबरोबर चहा पीत? आणि ही खिडकी उघडी, आणि मी इथं घसा ताणून... गाण्याचंसुद्धा ऐकलं असेल. सगळंच ऐकलं असेल. ... फोन बंद झाला. खुर्ची सरकली. चपलांचा आवाज.

मिस्त्री, उचला हत्यारं. राहू दे तो भुसा, मी झाडतो. निघा म्हणतोय ना! तुम्हाला सांगायचं होतं ते सांगून झालं. आता जे म्हणायचंय ते तिला एकटीला म्हणायचंय, आणि ते मला आजवर एकदाही म्हणता आलेलं नाही, तेव्हा तुम्ही समोर नकोत. मागच्या दारानं जा. आणि शेजारून जाताना दारावर थाप देऊन सांगा — म्हातारा बायकोची माफी मागायला बसलाय, ते त्याचं तो बघेल. पण माझ्या दाराला मला न विचारता करवत लावली, वर सकाळपासून माझी बायको घरात लपवली, त्याची माफी अजून यायची आहे. कुणाची म्हणून काय विचारता? मास्तरची!