दादाची कवळी

आमच्या बँडमध्ये एकही माणूस घराबाहेरचा नाही, त्यामुळे एकाचं अडलं की सगळ्यांचं अडतं. वडिलांनी बँड काढला तेव्हा ट्रम्पेट मोठ्या दादाला दिला आणि माझ्या हातात खुळखुळा. मागच्या लग्नसराईत वडीगोद्रीला वरात निघाली. दादाने जोरात फुंकर मारली आणि त्याची नवी कवळी उडून थेट घोडीच्या टापेखाली गेली.

नवरदेवाचा मामा म्हणाला, "बाबा, राहू द्या आता. मी डीजे बोलावून राह्यलो."

दादाने ट्रम्पेट माझ्याकडे दिला. "वाजव."

"दादा, मला एकच सूर निघतो, तोबी कसाबसा."

"मंग तोच वाजव. बापाचा बँड अर्ध्या वरातीत कधी थांबला न्हाई, आज बी थांबणार न्हाई."

त्याने माझा खुळखुळा घेतला, पुतण्यांना ढोल वाजवायची खूण केली आणि तोंडाचं बोळकं पसरून घोडीपुढे नाचायलाच लागला. मी डोळे मिटून फुंकत राहिलो.

मामा पुन्हा जवळ आला. "हे गाणं कोणतं हो?"

दादा म्हणाला, "नवीन आलंय. तुमच्याकडं पोचलं न्हाई अजून. नाचा जल्दी!"