तात्यांचा पहारा

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगबुवा, तुम्हीही बोटं मोकळी करा. आता मला एवढंच सांगा — दमणं हे पाप आहे का?

बघा, कुणी बोलत नाही! आणि ते खांबाला टेकलेले अण्णा एकदम ताठ बसले. टेका अण्णा, टेका! तुमच्यासाठीच आख्यान लावलंय.

तर ऐका. हिवरगावात यशवंततात्या ढोणे म्हणून एक भाविक गृहस्थ. वय अडुसष्ट. गावात दरसाल सप्ताह बसतो. सप्ताहाचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे — पहिल्या दिवशी वीणा उभी राहिली, की शेवटच्या दिवशीच्या काल्यापर्यंत ती जमिनीला टेकायची नाही. एकेकानं दोन-दोन तास ती गळ्यात घेऊन उभं राहायचं, हा पहारा. सकाळी दहा ते बारा वीणा कुणाच्या गळ्यात? तात्यांच्या! एकतीस वर्षं!

यंदा सप्ताहाच्या सात आठवडे आधी तात्यांचा उजवा गुडघा बदलला. जुना काढला, नवा बसवला. गुडघा झकास! पण तात्या? सकाळी आंघोळ केली की दमले. अंगणात दोन फेऱ्या मारल्या की डोळे मिटायला लागले. आणि याची त्यांना भारी लाज. कुणी भेटायला आलं की वॉकर दाराआड लपवायचे आणि मांडीवर ग्रंथ घेऊन बसायचे. पंधरा दिवस ग्रंथ उघडा — आणि ओवी चौथीच!

डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "गुडघा नवा घातलात, मग मी असा जुना का?"

बाई हसल्या. "तात्या, वरची जखम भरली, आतली अजून भरतेय. तुम्ही पडून असता तेव्हाही अंग आत राबत असतं. दोन-तीन महिने थकवा राहील. थोडं चाला, थोडं पडा, पुन्हा थोडं चाला."

तात्यांनी काय ऐकलं? फक्त "चाला"! ‘थोडं’ आणि ‘पडा’ दवाखान्याच्या पायरीवरच राहिले. आपणही कीर्तनातून घरी एवढंच नेतो की नाही?

सप्ताहाच्या फळ्यावर पहारे लिहायची वेळ आली. पंचांनी हळूच विचारलं, "तात्या, यंदा तुमचं नाव गाळायचं का?"

"मी मेल्यावर खोडा," तात्या म्हणाले.

घरी अनसूयाकाकू, म्हणजे तात्यांच्या मंडळी, म्हणाल्या, "अहो, अर्धा तास उभं राहा आणि द्या कुणाला तरी."

"लोक काय म्हणतील? यशवंता ढोणे अर्ध्या तासात बसला?"

"लोकांपासून लपवाल. देवापासून कसं लपवाल?"

सप्ताह बसला त्या दिवशी तात्या काठीसुद्धा न घेता देवळात गेले. दहा वाजता वीणा गळ्यात घातली. पहिली वीस मिनिटं तात्या अगदी तिशीतले! पाऊण तासानं कपाळावर घाम आला. तासाभरानं मांडी थरथरायला लागली. आता सांगा मंडळी, तात्या पडले तर काय? नवा गुडघा जाईल, आणि एकतीस वर्षं जपलेली वीणा जमिनीला लागेल! सगळ्यांना दिसत होतं. पण उठायचं कुणी? तात्यांचा मान मोठा ना! तरणे तरणे टाळकरी माना खाली घालून बसलेले.

बायकांच्या बाजूनं अनसूयाकाकू उठल्या. पदर खोचला, सरळ वीणेसमोर आल्या आणि तात्यांच्या पायाशी वाकल्या.

आता रीत अशी, की वीणा घ्यायला जो येतो तो आधी वीणेकऱ्याला नमस्कार करतो. नमस्कार झाला की वीणा द्यायची. तिथं नाही म्हणता येत नाही! तात्या घरात शंभरदा नाही म्हणाले होते. इथं तोंडच बंद.

काकू हळूच म्हणाल्या, "द्या. वीणा खाली नाही जायची."

तात्यांनी वीणा काकूंच्या गळ्यात घातली. आणि मग? रीत पुढंही आहे! ज्यानं दिली, त्यानं नव्या वीणेकऱ्याला नमस्कार करायचा. तात्यांचा गुडघा वाकेना. पण मान वाकली हो! भर देवळात तात्यांनी काकूंपुढं हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात पहिलाच नमस्कार! हसू नका, तुम्ही किती केलेत ते माहीत आहे मला.

तात्यांना खुर्चीवर बसवलं. दोन मिनिटांत घोरायला लागले. मृदंगवाल्यानं ठेका जरा हळू धरला, आणि काकू बारा वाजेपर्यंत वीणा घेऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तात्या स्वतःच फळ्यापाशी गेले. खडू घेतला. आपल्या नावापुढं लिहिलं — दहा ते साडेदहा. नंतर काठी टेकत घरी गेले आणि दार उघडं ठेवून, सगळ्यांच्या देखत झोपले.

मंडळी, सात दिवस वीणा कशामुळं उभी राहते? एक माणूस दमत नाही म्हणून? नाही! दमलेला देतो, बसलेला उठतो, म्हणून. तात्या द्यायला शिकले. पण मला काळजी त्या टाळकऱ्यांची वाटते. दिसत असून बसून राहिले!

तेव्हा आज घरी गेलात की आधी जेवायला मागू नका. जरा बघा, तुमच्या घरात वीणा कुणाच्या गळ्यात आहे, आणि केव्हापासून. ती व्यक्ती आपणहून ‘घ्या’ म्हणणार नाही. तुम्हीच समोर जा आणि वाका.